तामोच्या शेतातले नर

तामोला तिफराऊन गावातलं एकही माणूस फारसं आवडत नसे, आणि ते लपवावं असं तिला कधी वाटलं नाही. पुरुष तिच्या लेखी आळशी, बायका भित्र्या, मंगळवारच्या बाजारातले व्यापारी चोर आणि मशिदीत नमाज पढवणारा फकीह नुसता खादाड. शेळ्यांबद्दल तिचं मत त्यातल्या त्यात बरं होतं. साठीला टेकलेली काटकुळी बाई. कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फडकं, डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी आणि टोपीखाली दोन बारीक डोळे. समोरचा माणूस बोलायला लागला की तिचा खालचा ओठ आपोआप पुढे येई आणि बोलणारा निम्म्यातच गप्प होई. खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकत नसे. या गावाबद्दल चांगलं काही बोलायचं ठरवलं तर बराच वेळ आठवत बसावं लागतं.

रिफच्या डोंगरातलं हे गाव किफवर जगतं. तुमच्याकडे गांजा म्हणतात तेच झाड. वाळलेली झाडं ताणलेल्या कापडावर पसरायची, वरून काठ्यांनी बडवायची, खाली परातीत पडलेली भुकटी विकायची आणि त्यावर वर्षभर सातूची भाकरी आणि पुदिन्याचा चहा चालवायचा. आजे-पणजे हेच करत आले. फरक एवढाच की त्यांच्याकडे बी स्वतःचं होतं. आता चाळीस उंबऱ्यांपैकी एकोणचाळीस घरं दर वसंतात पाकिटातलं हायब्रीड बी विकत आणतात. चाळिसावं घर तामोचं.

तिच्याकडे गावठी होतं, बेलदिया. कमरेएवढं वाढणारं, सडपातळ, दिसायला अगदी सामान्य झाड. बर्फ वितळलं की खेचराच्या नांगरानं जमीन उकरायची आणि सातूसारखं दाट फेकून पेरायचं. पाणी द्यायचं नाही, खत द्यायचं नाही. डोंगराच्या पोटात जेवढी ओल असेल तेवढ्यावर ते वाढतं आणि ऑगस्ट संपता संपता तयार होतं. वास सुकलेल्या गवताचा, वर थोडा मिरीचा. नशा हलकी. ओढणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जाऊ शकतो, आणि व्यापाऱ्यांची तक्रार नेमकी हीच.

हे बी तिला सासूनं दिलं होतं. सासूचं नाव यामना. तामो सोळाव्या वर्षी शेजारच्या खोऱ्यातून नवरी होऊन आली तेव्हा नवऱ्याचं तोंड तिला पसंत पडलं नाही. पुढे त्याचे गुणही पसंत पडले नाहीत. तो तांजेर शहरात कमवायला गेला आणि सहा वर्षांनी एक रेडिओ आणि खोकला घेऊन परत आला, तेव्हा तर तिनं त्याचा नादच सोडला. पोर झालं नाही. तो वारला तेव्हा ती रडली, पण फार नाही. सासूवर मात्र तिचा जीव होता. या एकाच बाईसमोर तामोचा ओठ कधी पुढे आला नाही.

कारण यामनाला नर निवडता येत असे. किफमध्ये नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. भुकटी मादीला येते, नराला नाही, म्हणून अडाणी माणूस नराला कस्पटासमान समजतो. पण पुढच्या वर्षीचं बी कसं होणार ते नरावरही तेवढंच असतं. जूनच्या सुरुवातीला नरांना कळ्यांचे घोस लटकले की यामना शेतात उतरे. सगळ्यांच्या आधी फुलायला निघालेला नर उपटायची. सगळ्यांच्या वर डोकं काढणाराही उपटायची. उरलेल्यांचं शेंड्याचं पान चुरडून हुंगायची, वीसपर्यंत आकडे मोजायची आणि पुन्हा हुंगायची. पहिल्या वासावर भुलायचं नाही, म्हणायची. मागं काय उरतं ते बघ. शंभरातले सात-आठ राहात, बाकीचे शेळ्यांपुढे. चाळीस वर्षं तामोनं हेच केलं.

"नवरा निवडताना मला कुणी विचारलं नाही," ती म्हणायची. "नर मात्र मी निवडते."

आता बुश्ताविषयी सांगायला हवं. जीभ विटाळेल, पण इलाज नाही.

बुश्ता हा कोणे एके काळी बरा मुलगा होता असं त्याची आई सांगे. दोन उन्हाळे तो स्पेनमध्ये टोमॅटोच्या प्लास्टिकघरांत मजुरी करून आला. काम काय, तर टोमॅटो खोक्यात भरणं. पण परतला तो इंजिनियर होऊन. गळ्यात चष्मा अडकवलेला, खिशात पेन, बोलताना 'विज्ञान सांगतं' हे पालुपद. गावानं त्याला लगेच डोक्यावर घेतलं, कारण डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यानंच पहिलं हायब्रीड आणलं. पाकिटावर हिरव्यागार, मुठीएवढ्या बोंडाचं चित्र. वर कसलंसं परदेशी नाव, जे बुश्ता दर वेळी वेगळं उच्चारी.

झाड खरोखरच दांडगं. दोन देशांच्या तीन जातींचं रक्त त्यात मिसळलेलं, असं बुश्ता सांगे आणि छाती अशी फुगवी जणू सोयरीक त्यानं जमवली होती. बोंडं जड आणि चिकट, वास आंब्याचा, वर डिझेलचा. भुकटी गावठीच्या तिप्पट. पण लाड काय विचारू नका! प्रत्येक रोपाला स्वतंत्र खड्डा, खड्ड्यात विकतचं खत, दोन रोपांत हातभर अंतर, आणि पाणी रोज. पाण्यासाठी विहिरी खोदल्या, विहिरींवर मोटारी बसल्या, मोटारींमागून काळ्या नळ्यांचं जाळं सगळ्या डोंगरावर पसरलं. पाच वर्षांत गावातले दोन झरे आटले. लोकांनी पावसाला दोष दिला. झाडाचं बी धरावं, ते पुढल्या वर्षी पेरावं, तर तेही नाही. पाकिटातल्या सगळ्या माद्याच. नरच नाही, तर बी कुठून येणार? दर वसंतात पुन्हा पाकीट.

"म्हणजे बायको दर वर्षी नवी आणायची," तामो म्हणाली होती. "आणि जुनीचं पोरही नाही. वा रे इंजिनियर!"

इतकी वर्षं तरी दोघांचं जमलं होतं, म्हणजे भांडण नव्हतं. हायब्रीडला फुलं यायची ऑगस्टात. तोवर तामोचे नर कधीच झडून शेळ्यांच्या पोटात गेलेले असत. पण त्या वर्षी बुश्तानं सगळ्या गावाला नवं पाकीट घ्यायला लावलं. हे नवं झाड दिवस लहान होण्याची वाट बघत नाही. पेरल्यापासून नव्वद दिवसांत तयार. एका उन्हाळ्यात दोन पिकं! लोकांच्या डोळ्यांत दिरहम दिसायला लागले. एप्रिलमध्ये प्लास्टिकखाली रोपं झाली, आणि हिशेब करता करता बुश्ताच्या लक्षात आलं की याला फुलं जूनमध्ये येणार. नेमकी तामोच्या नरांचा पराग उडतो तेव्हा. पराग बोंडावर पडला की बोंडात बी धरतं, आणि बी धरलेल्या बोंडाला व्यापारी हात लावत नाही.

शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर गावबैठक बसली. बायका बैठकीत बोलत नाहीत. तामोच्या वतीनं तिचा दीर हमिदू बसला होता. हमिदूबद्दल सांगण्यासारखं एवढंच की त्यानंही नवं पाकीट घेतलं होतं. सगळ्या नरांना उपटायचं ठरलं, आणि हमिदूनं मान हलवली. तामो ओट्याखालच्या भिंतीवर शेळीचं दावं धरून बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"हमिदू," ती खालून म्हणाली, "मान हलवायला तुला पैसे पडत नाहीत हे माहीत आहे मला. पण पुढल्या वर्षी मी काय पेरू?"

"खाल्ती, रागावू नका," बुश्ता वरून म्हणाला. खाल्ती म्हणजे मावशी. गाव तिला हेच म्हणे. "नर गेले की तुमच्या माद्यांना बी धरणार नाही. भुकटी दुप्पट येईल. विज्ञान सांगतं. फायदा तुमचाच."

"मी भुकटीचं नाही विचारलं. बियाचं विचारलं."

"बी आम्ही देऊ की! एक पाकीट गावातर्फे. काय रे?"

सगळे हो हो म्हणाले. तामो उठली, शेळीला म्हणाली, "चल बाई, इथं तुझ्या बरोबरीचं कुणी नाही," आणि निघून गेली.

पण घरी गेल्यावर ती चुलीपुढे नुसती बसून राहिली. गोष्ट अशी होती की किफचं बी तीन वर्षं टिकतं, फार तर चार. तिच्याकडचं तिसऱ्या वर्षातलं होतं. मागच्या दोन वर्षांत एकदा पाय मोडला आणि एकदा गारपिटीनं शेत झोडपलं, त्यामुळे नवं बी धरलंच नव्हतं. या वसंतात होतं नव्हतं ते सगळं तिनं पेरलं, आणि निम्मंच उगवलं. या जूनमध्ये नर नसले तर यामनाचं बी संपलं. आसपासच्या सात गावांत कुठेही गावठी उरलं नव्हतं, आणि असतं तरी ते यामनाचं नव्हतं.

म्हणून तामोनं आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. ती बुश्ताच्या दारी गेली.

बुश्ता अंगणात खुर्चीवर बसून अंजिरं खात होता. बस म्हणाला नाही. ती उभीच राहिली.

"एकच नर ठेवते," ती म्हणाली. "शेतात नाही. माझ्या अंगणात, चार भिंतींत. वरून चादर घालीन. फुलला की बोटानं थोडी धूळ घेऊन चार माद्यांना लावीन. कुणाला त्रास नाही."

"वारा चादरीला विचारतो का, खाल्ती?"

"तुझ्या बापाला मी शेतात भाकरी दिलीय, बुश्ता. त्याचं बीसुद्धा आमच्याच घरचं होतं."

"बाप अडाणी होता," बुश्ता म्हणाला. त्यानं अंजिराचं देठ थुंकलं. "जगात टिकायचं तर जुनं सोडावं लागतं, खाल्ती. एक नर म्हणजे किती पराग, माहीत आहे? लाखो, लाखो! विज्ञान आहे ते."

हे बोलताना तो खूश होता. गावात ज्या एका माणसाला त्याची काडीची किंमत नव्हती ते माणूस त्याच्या दारात उभं होतं. असा दिवस अशा माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि त्यानं तो अंजिराबरोबर चघळून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अकरा जण तिच्या शेतात उतरले. आणि तिथे जो तमाशा झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. या अकरा शेतकऱ्यांना, ज्यांच्या सात पिढ्या किफवर जगल्या, नर कुठला आणि मादी कुठली हेच ओळखता येईना! पाकिटातल्या माद्या बघून बघून डोळे गेले होते. हमिदूनं धडाधड सहा माद्या उपटल्या. बुश्ता चष्मा लावून एका झाडासमोर उकिडवा बसला आणि बसूनच राहिला.

"अरे आंधळ्यांनो!" तामो बांधावरून ओरडली. "ती मादी आहे! पांढरे केस दिसत नाहीत? हमिदू, हात तोडून टाक तुझे. बुश्ता, तू उठ, त्या झाडाला लाज वाटतेय."

शेवटी तीच खाली उतरली. ती पुढे चालली, बोट दाखवत गेली, आणि अकरा जण मागून उपटत गेले. नाहीतर त्यांनी माद्याही ठेवल्या नसत्या. तिचं शेत डोंगरउतारावर तीन पायऱ्यांत कोरलेलं; तिसऱ्या पायरीवर एक नर होता. मध्यम उंचीचा, उशिरानं कळ्या धरलेला, यामनाला आवडला असता असा. तो तिनं स्वतः उपटला. त्याचं शेंड्याचं पान चुरडून तिनं हुंगलं, थोडी थांबली आणि पुन्हा हुंगलं. मग तो शेळीपुढे टाकला.

एवढ्यानंही गावाचं मन भरलं नाही. सीदी हद्दूच्या दर्ग्यात नेऊन कबरीवर हात ठेवायला लावला आणि तिच्याकडून शपथ घेतली, की घरात, अंगणात, शेतात कुठेही नर दडवलेला नाही. तामोनं शपथ घेतली. ती खरी होती. दडवणं तिला जमलं असतं, पण या माणसांना भिऊन चोरी करायची हेच तिला किळसवाणं वाटलं.

जून संपत आला. तिच्या माद्या उभ्या होत्या, पांढरे केस बाहेर काढून, वाट बघत. तिकडे हायब्रीडला बोंडं धरली. आणि इथे इंजिनियरसाहेबांना बाप आठवला.

आमच्याकडे जुनी रीत आहे. गावठी पिकायला आलं की त्याला तहानेलं ठेवायचं. पाऊस आला तर लोक हळहळतात. तहानेनं झाड चिकट होतं, नशा चढते. गावठीच्या बाबतीत हे खरं आहे, कारण ते झाड तहानेतच जन्मतं. बुश्तानं बापाकडून शेतीतली एवढीच एक गोष्ट उचलली होती, आणि ती त्यानं पाकिटातल्या लाडावलेल्या झाडाला लावली. विहिरीही तळाला गेल्याच होत्या. "दहा दिवस नळ्या बंद!" त्यानं फर्मान काढलं. "पाणी वाचेल आणि माल दुप्पट कडक होईल. विज्ञान सांगतं."

एकोणचाळीस घरांनी मोटारी बंद केल्या. ऊन असं की दगड तडकत होते. रोज दोन वेळा पाणी पिऊन वाढलेली ती झाडं माना टाकून उभी राहिली. अकराव्या दिवशी नळ्या सुरू झाल्या, झाडं पुन्हा ताठ झाली, आणि बुश्ता मिशीवर ताव देत फिरला.

जुलैच्या मध्यावर तामो आपल्या शेतात खुरपत होती. हात एका मादीला लागला. पांढरे केस तपकिरी झाले होते, आणि बोंडाच्या पोटात काहीतरी टणक लागलं. तिनं नखानं फोडून पाहिलं. हिरवं, कोवळं बी. तिनं शेजारची मादी पाहिली. तिथेही बी. खुरपं टाकून ती तिन्ही पायऱ्या धावत फिरली. सगळीकडे बी धरलं होतं.

ती हसली. एकटीच, मोठ्यानं. अकरा गाढवांच्या तावडीतून एखादा नर सुटला होता तर! कुठेतरी दगडाआड, एखादा खुजा, शहाणा नर. त्या दिवशी तिनं शेळीला मूठभर सातू जास्त घातलं आणि चहात साखर दुप्पट टाकली. नराला शोधायचं आणि त्याचा वास घ्यायचा, म्हणून दोन दिवस ती शेतात ओणवी फिरली. एकेक दगड उलथला, बांधावरची काटेरी झुडपं विंचरली. नर सापडला नाही. वाळलेला सांगाडाही नाही.

तिसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वारा नेहमीसारखा खालून वर येत होता, बुश्ताच्या शेतावरून. ती बांध ओलांडून त्याच्या शेतात गेली. पहिल्याच झाडाची फांदी वर उचलली. मुठीएवढं बोंड, चित्रातल्यासारखं, आणि बोंडाच्या बेचक्यात पिवळ्या, केळ्याच्या आकाराच्या बारीक पुड्या. बोट लावलं तर पिवळी धूळ लागली. दुसऱ्या झाडालाही तेच. तहानेनं मरायला टेकलेल्या त्या माद्यांनी घाबरून स्वतःच्याच अंगातून नराचं फूल काढलं होतं. मरायच्या आधी कसंही करून बी धरायचं, एवढंच त्या झाडाला समजतं. स्वतःला बी धरलं, शेजाऱ्यांना धरलं, आणि वाऱ्यावर बसून तो पराग तामोच्या माद्यांवर आला. तिच्या माद्या तर वाटच बघत होत्या. तिचा स्वतःचा एकही नर आड यायला शिल्लक नव्हता.

ती तिथेच खाली बसली. तिला रडू आलं. बियापेक्षाही दोन दिवस आपण हसलो, चहात साखर टाकली, याचं रडू जास्त आलं. त्या दोन दिवसांसाठी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

ऑगस्टात व्यापारी आला. त्यानं बुश्ताचं बोंड तळहातावर चुरडलं. बियांचा सडा पडला. दुसरं चुरडलं, तिसरं चुरडलं. मग त्यानं हात झटकले आणि गाडी वळवली. गावावर अवकळा पसरली, आणि पुन्हा ओट्यावर बैठक बसली. बुश्ता तोंडाला फेस येईपर्यंत ओरडत होता.

"नर दडवला होता तिनं! सीदी हद्दूची खोटी शपथ घेतली म्हातारीनं!"

खोटी शपथ घेणाऱ्याला आमच्याकडे गावातून उठवतात. लोक कुजबुजायला लागले. तामो सरळ ओट्यावर चढली. बाई कधी चढली नव्हती, पण अडवायला कुणी उठलं नाही. बुश्ताच्याच शेतातली एक फांदी तिनं त्याच्या मांडीवर टाकली. पिवळ्या पुड्या आता वाळल्या होत्या, पण दिसत होत्या.

"चष्मा लाव," ती म्हणाली. "हा बघ नर. तुझ्याच पोरीच्या अंगातून निघालाय. दहा दिवस पाणी तोडलंस ना?"

बुश्तानं चष्मा लावला. सगळे वाकून बघायला लागले. फकीहनं घसा खाकरला. माफी मागावी एवढी अक्कल एकोणचाळीस घरांत एकालाही नव्हती. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं की पाकीटच खराब असणार, आणि सगळ्यांना ते एकदम पटलं.

ऑगस्ट संपता तामोनं आपलं पीक कापलं. बी झाडून घेतलं. गडद, बारीक, वर वाघासारखे पट्टे. दाणा अगदी यामनाचा. बियाचं कवच आईकडून येतं, त्यामुळे बघून कुणालाच काही कळलं नसतं. तामोला माहीत होतं. तरी तिनं ते टाकलं नाही. बिघडलेलं बी मागं आणता येतं, हे तिला यामनानं सांगितलं होतं. पहिल्या वर्षी शंभर नरांतून एक निवडायचा, ज्याच्या अंगाला गवताचा आणि मिरीचा वास उरलाय असा. दुसऱ्या वर्षी पुन्हा. आंबा आणि डिझेल थोडं थोडं उपटून काढायचं. पाच-सहा वर्षं लागतील. तेवढी वर्षं आपण जगू, असं तिनं ठरवून टाकलं. फक्त नर हवेत, वाईट का होईनात, त्यातला कमी वाईट ती निवडणार होती.

हिवाळ्यात खालच्या गावच्या, किफ विकत घेणाऱ्या सोसायटीनं जाहीर केलं की यापुढे त्यांना गावठीच हवं. औषधाला की तेलाला, काहीतरी. आठ दिवसांत बुश्ता तामोच्या दारात. गळ्यात चष्मा होताच.

"खाल्ती, मी आधीपासून म्हणत होतो, गावठीसारखं झाड नाही. थोडं बी द्या."

"हे गावठी नाही. याचा बाप तुझ्या शेतातला आहे."

तिनं मूठभर त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं उजेडात धरून पाहिलं आणि चेहरा उजळला. "काय चेष्टा करता! हे बघा पट्टे! माझ्या बापाचं बी असंच होतं."

तिनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगण्याइतकी त्याची लायकी नव्हती. आमच्याकडे बी विकत नाहीत, मागेल त्याला देतात, तसं तिनं दिलं. त्याच्यामागून हमिदू आला, मग निम्मं गाव आलं. आपल्यापुरतं तिन्ही पायऱ्यांचं ठेवून तिनं सगळं वाटून टाकलं.

वसंतात तिनं पेरलं. या वेळी उगवण चांगली झाली. झाडं जरा जाड, पानं जरा रुंद, पण मे महिन्यात पहाटे शेतात गेलं की कुठून तरी मिरीचा वास येई. जून लागला. रोज उजाडताच ती पहिल्या पायरीपासून सुरुवात करी आणि एकेका झाडाचं पेर न पेर बघे. पांढरे केस. पुढचं, पांढरे केस. त्याच्या पुढचं, पांढरे केस. दुसरी पायरी संपली. उशीर होत असेल, ती स्वतःशी म्हणाली. उशिराचे नर चांगले असतात. तिसऱ्या पायरीवर ती गुडघ्यांवर चालत गेली. जूनच्या पंधरा तारखेला तिला कळलं.

मादीच्या अंगातून निघालेल्या परागाला नर माहीतच नसतो. त्याच्यापासून होतात त्या फक्त माद्या. यामनानं हे तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण यामनाच्या काळी असं झाड नव्हतं. तामोच्या तीन पायऱ्यांवर दोन हजार झाडं उभी होती आणि त्यांत एकही नर नव्हता. निवडायला काही उरलंच नव्हतं.

ती तिसऱ्या पायरीवर तशीच बसली होती तेव्हा खालच्या बांधावरून बुश्ता हात हलवत वर आला. घामेजलेला आणि आनंदानं फुललेला.

"खाल्ती! काय बी दिलंत हो!" तो लांबूनच ओरडला. "सगळं शेत फिरलो, एक नर नाही! निम्म्या गावात नाही! गावठी आणि वर नर उपटायची कटकट नाही. विज्ञानालाही जमलं नाही ते तुम्ही केलंत. कसं केलंत, सांगा ना?"

तामोनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा ओठ पुढे आला नाही. तिनं शेजारच्या झाडाचं शेंड्याचं पान तोडलं, चुरडून हुंगलं आणि वीसपर्यंत आकडे मोजायला लागली. बुश्ता उत्तराची वाट बघत उभा होता.